ड्रोन जास्त वेळ हवेत कसा ठेवायचा? बॅटरी दुप्पट केली, वेळ साडेचार मिनिटांनीच वाढला

आकाशपाळणा:
मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण आता डोकं चालेनासं झालंय. माझा स्वतः जोडलेला क्वाड, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन आहे, ४५० ची फ्रेम, १० इंची प्लास्टिकचे पंखे, ९२० केव्हीच्या मोटरी, ४एस (चार सेल एकामागे एक) ५२०० एमएएच लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी. बॅटरी सोडून सगळ्याचं वजन ९५० ग्रॅम, बॅटरी ४९० ग्रॅम. वारा नसताना एका जागी हॉवर केला तर साडेसोळा मिनिटं मिळतात, मग बॅटरी संपत आल्याचा अलार्म वाजतो आणि मी उतरवतो. मला करायचंय मॅपिंग, म्हणजे ओळीओळीने पुढेमागे जाऊन खालच्या जमिनीचे फोटो काढायचे आणि नंतर ते जोडायचे. त्याला निदान ४० मिनिटं सलग पाहिजेत, दर पंधरा मिनिटांनी खाली आणून बॅटरी बदलत बसलं की तेवढ्यात सावल्या सरकतात, फोटो एकमेकांशी जुळत नाहीत.

मग साधा सरळ विचार केला की बॅटरी दुप्पट तर वेळ दुप्पट. तसलीच दुसरी बॅटरी आणली, पॅरललमध्ये जोडली आणि वेल्क्रोच्या पट्टीने पोटाखाली बांधली. उडाला, पण आवाजच बदलला, मोटरी ओरडायला लागल्या, आणि २१ मिनिटांना अलार्म. उतरल्यावर मोटरीला बोट लावलं तर दोन सेकंद ठेववेना. दुप्पट बॅटरी आणि वर मिळाली साडेचार मिनिटं! कनेक्टर तपासले, बॅटरी वेगवेगळ्या चार्ज करून बघितल्या, सगळं ठीक आहे. नेमकं चुकतंय कुठे?

जुना खटपट्या:
आकाशपाळणा, तुमचं काहीच बिघडलेलं नाही, उलट तुमचे आकडे इतके बरोबर आहेत की हिशोब तंतोतंत जुळतोय, बघा.

हॉवरला लागणारे वॅट वजनाच्या प्रमाणात वाढत नाहीत, वजनाच्या दीड घाताने वाढतात. आधी तुमचं वजन १४४० ग्रॅम होतं, दुसरी बॅटरी लावल्यावर १९३० झालं, म्हणजे १.३४ पट. त्याचा दीड घात काढा, १.५५ येतो. म्हणजे ऊर्जा झाली २ पट पण खर्च झाला १.५५ पट. २ भागिले १.५५ म्हणजे १.२९, आणि साडेसोळाला १.२९ ने गुणा, २१ मिनिटं आणि वर थोडी सेकंदं. तुम्हाला तेच मिळालंय.

अजून पुढे जाऊन बघा म्हणजे बॅटरी वाढवायची इच्छाच होणार नाही. हेच सूत्र धरलं तर सर्वात जास्त वेळ तेव्हा मिळतो जेव्हा बॅटरीचं वजन बाकी सगळ्या ड्रोनच्या दुप्पट असतं. त्याच्यापुढे बॅटरी वाढवली की वेळ कमी व्हायला लागतो. पण त्या टोकापर्यंत जायचीसुद्धा गरज नाही, कारण बॅटरी बाकी ड्रोनच्या वजनाइतकी असताना जो वेळ मिळतो त्यापेक्षा दुप्पट बॅटरी केल्यावर फक्त ९ टक्के जास्त मिळतो, आणि तेवढ्यासाठी मोटरी, फ्रेम, लँडिंग गिअर सगळं दणकट करावं लागतं, म्हणजे ते ९ टक्केही तिथेच खर्ची पडतात. दुसरी बॅटरी लावून तुम्ही बरोबर त्या 'बॅटरी = बाकी ड्रोन' या जागेवर आलेले आहात. इथून पुढे बॅटरीत काही नाही.

आता सांगतो ते मनापासून सांगतोय, कारण मी स्वतः दोन वर्षं यात घालवली. बॅटरी किती मोठी हा प्रश्न सोडून द्या. आधी वॅट मोजा. हॉवरला तुमचा ड्रोन किती वॅट खातो आणि एका वॅटमागे किती ग्रॅम उचलतो एवढा एकच आकडा धरून बसा. तुमचं गणित उलटं केलं तर ५२०० ची बॅटरी ८० टक्के वापरली असं धरून साधारण २२५ वॅट येतात, १४४० भागिले २२५ म्हणजे वॅटला ६.४ ग्रॅम. हा आकडा १० च्या वर नेता आला पाहिजे, आणि नेता येतो.

निळी घार:
माझं पण सेम झालेलं, मी तर तीन बॅटऱ्या लावल्या होत्या, उचललाच नाही धड. वाचतेय.

मंदगती:
खटपट्या दादांनी वजनाची बाजू सांगितली, मी पंख्यांची सांगते, कारण माझ्या मते खरी मोठी बचत तिथेच आहे आणि लोक तिकडे सर्वात शेवटी बघतात.

ड्रोन हवेत राहतो तो हवा खाली ढकलून. तेवढाच धक्का मिळवायचे दोन मार्ग आहेत, थोडी हवा जोरात ढकला किंवा भरपूर हवा हळू ढकला. धक्का दोन्हीकडे सारखा, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून जोरात ढकलणं नेहमी महाग पडतं. एकोणिसाव्या शतकात रँकिन आणि फ्रूड यांनी जहाजांच्या पंख्यांसाठी हे गणित मांडलं आणि आज आपण क्वाडला तेच वापरतो. सूत्र असं: किमान वॅट म्हणजे थ्रस्टचा (वर उचलणाऱ्या धक्क्याचा) दीड घात, भागिले २ गुणिले हवेची घनता गुणिले पंख्यांच्या चकतीचं एकूण क्षेत्रफळ याचं वर्गमूळ. खटपट्या दादांचा दीड घात इथूनच येतो. आणि क्षेत्रफळ वर्गमुळात असल्यामुळे पंख्याचा व्यास दुप्पट केला की वॅट निम्मे होतात.

एक उदाहरण करून दाखवते. १.८ किलोचा क्वाड घ्या. चार १० इंची पंख्यांचं क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर, किमान वॅट येतात १०५. त्याच वजनाला चार १५ इंची लावा, क्षेत्रफळ ०.४५६ चौरस मीटर, किमान वॅट ७०. हे आदर्श आकडे आहेत, प्रत्यक्षात पंखा, मोटर, ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारं सर्किट) सगळे आपापला वाटा खातात आणि बॅटरीतून साधारण याच्या दुप्पट किंवा जास्तच काढावे लागतात, पण दोघांमधलं प्रमाण तेच राहतं. म्हणजे बॅटरीला हात न लावता तिसरा हिस्सा वॅट वाचले. शिवाय मोठा पंखा हळू फिरतो, तुमचे १० इंची हॉवरला ५००० आरपीएमच्या आसपास फिरत असणार, १५ इंची २६०० वर काम करतो.

मंगळावरचं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर आठवा. वजन जेमतेम १.८ किलो, पण पाती मात्र १.२ मीटर व्यासाची. तिथली हवा आपल्या हवेच्या सुमारे १ टक्का घनतेची, सूत्रात घनता तळाशी बसलीय, त्यामुळे क्षेत्रफळ वाढवण्यावाचून इलाजच नव्हता, आणि तरीही पाती मिनिटाला २४०० च्या वर फिरवावी लागायची. १९ एप्रिल २०२१ ला पहिलं उड्डाण झालं ते ३९ सेकंदांचं, पुढे एकूण ७२ उड्डाणं केली त्याने. आपल्याकडे उंच डोंगरावर उडवणाऱ्यांना हाच परिणाम थोड्या प्रमाणात भोगावा लागतो, समुद्रसपाटीपासून ३००० मीटरवर हॉवरला साधारण १६ टक्के जास्त वॅट लागतात.

अजून एक, तीन पात्यांचे पंखे असतील तर काढा, दोन पात्यांचे लावा. आणि एकावर एक मोटर लावून आठ पंख्यांचा ड्रोन करू नका, खालच्या पंख्याला वरच्याने आधीच खाली ढकललेली हवा मिळते. एखादी मोटर बंद पडली तरी ड्रोन वाचावा म्हणून महागड्या कॅमेऱ्यांना तो प्रकार करतात ते बरोबर आहे, पण वेळ पाहिजे असेल तर चार मोठे पंखे.

आकाशपाळणा:
मंदगती ताई, खटपट्या दादा, तुम्ही दोघांनी जे लिहिलंय ते मी चारदा वाचलं. मग मी याच फ्रेमवर १५ इंची पंखे बसवू का?

मंदगती:
बसणार नाहीत हो. ४५० हे समोरासमोरच्या मोटरींमधलं अंतर, शेजारच्या दोन मोटरींमधलं काढायला १.४१४ ने भागा, ३१८ मिलिमीटर. १२ इंची पंखा ३०५ मिलिमीटरचा, म्हणजे टोकांमध्ये १३ मिलिमीटर फट राहील, ओढूनताणून तो बसेल. १५ इंची म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्याला ५४० ची फ्रेम तर टोकाला टोक भिडण्यासाठीच लागते, वर जागा सोडून ६०० ते ६५० धरा.

आणि कृपा करून ९२० केव्हीच्या मोटरीवर ४एस देऊन १२ इंची लावून बघू नका. केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती फेरे, जास्त केव्हीची मोटर मोठ्या पंख्याला तेवढ्याच वेगाने फिरवायला जाते आणि करंट ओढून वायंडिंग जाळून घेते. मोठ्या पंख्याला ३०० ते ४०० केव्हीची, रुंद आणि चपटी मोटर पाहिजे.

सेल जोडणारा:
बॅटरीवरही बोलूया, आकार वाढवून उपयोग नाही हे खरं पण जात बदलून आहे. लिपोमध्ये किलोमागे १५० ते १८० वॅट-अवर मिळतात, २१७०० आकाराचा (२१ मिलिमीटर जाड, ७० लांब) चांगला लिआयन, म्हणजे लिथियम आयन सेल घेतला तर ५००० एमएएच, ३.६ व्होल्ट, म्हणजे १८ वॅट-अवर, आणि वजन ७० ग्रॅम, किलोला अडीचशेच्या वर गेला की नाही. त्याच वजनात दीडपट ऊर्जा.

पण त्याची किंमत करंटमध्ये मोजावी लागते. जास्त क्षमतेचा सेल सलग १० अँपच्या आसपासच देतो, त्याच्यापुढे तापतो आणि व्होल्टेज बसतं. जास्त करंटवाले २१७०० पण मिळतात, ४५ अँपपर्यंत सलग देणारे, पण त्यांची क्षमता ४२०० वर येते. म्हणून रेसिंगवाल्यांना लिआयन चालत नाही आणि आपल्यासारख्यांना चालतो, पण कधी, आधी वॅट कमी केले असतील तर. हे उलट्या क्रमाने केलं की फसतं.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, उष्णतेने आतलं सील आणि सेपरेटर खराब होतो आणि वरून काहीच दिसत नाही. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डरने लावा, आणि पट्टी शुद्ध निकेलची आहे ना बघा, निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी दिसायला सेम असते पण तिचा रेझिस्टन्स कितीतरी जास्त. घासून खाऱ्या पाण्यात एक दिवस ठेवा, लोखंडी असेल तर गंज धरते. वेल्ड झाल्यावर पक्कडीने पट्टी ओढून बघायची, पट्टी फाटून बिंदू सेलवर चिकटून राहिला तर वेल्ड बरोबर, अलगद सुटून आली तर परत करा. आणि वरच्या प्लस टोकाभोवती कागदी वॉशर लावल्याशिवाय पट्टी ठेवू नका, तिथे प्लस आणि मायनसमध्ये पातळ प्लास्टिकच्या आवरणाशिवाय काही नसतं.

दुसरं, लिपोचा अलार्म ३.५ व्होल्टला लावलेला असतो तो तसाच ठेवलात तर लिआयनमधली बरीचशी ऊर्जा आतच राहील. लिआयन लोडखाली ३.० पर्यंत निर्धास्त जातो, मी ३.१ ला उतरायला लागतो.

आकाशपाळणा:
दोन आठवड्यांनी परत आलोय. नवीन फ्रेमचे पार्ट यायला वेळ होता म्हणून मधल्या काळात जुन्यावरच दोन प्रयोग केले, आकडे देतो.

पहिला प्रयोग वजनाचा. स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसलो आणि एकेक गोष्ट काढून तोलली. लँडिंग गिअरचे उंच पाय ४८ ग्रॅम, त्याच्या जागी फोमचे तुकडे लावले ६ ग्रॅमचे. मोटरीच्या वायरी लांबलचक होत्या, गुंडाळून टायने बांधलेल्या, त्या मापात कापल्या आणि कनेक्टर काढून थेट सोल्डर केल्या, त्यात २६ ग्रॅम गेले, माझा विश्वासच बसेना. बाकी स्टीलचे स्क्रू जिथे ताण नाही तिथे नायलॉनचे, कॅमेऱ्याची प्लेट निम्मी कापली. सगळे मिळून ८४ ग्रॅम. जुनी लिपो लावून हॉवर केला, १८ मिनिटं. म्हणजे एक पैसुद्धा ऊर्जा न वाढवता दीड मिनिट, आणि दुसरी अख्खी बॅटरी लावून साडेचार! हे बघितल्यावर खटपट्या दादांचं म्हणणं पूर्ण पटलं.

दुसरा प्रयोग मी न विचारता केला आणि सेल जोडणारा यांनी आधीच लिहिलं होतं तेच झालं. ४एस२पी (दोन-दोन सेलच्या चार जोड्या एकामागे एक) लिआयन पॅक बनवला, ८ सेल, सगळं धरून ६२० ग्रॅम, आणि मापं जुनीच राहावीत म्हणून कापलेलं वजन परत तेवढंच बांधून उडवला. कागदावर अर्धा तास येत होता. मिळाली २५ मिनिटं. उतरल्यावर पॅकला हात लावला तर चांगलाच गरम, आणि लॉगमध्ये दिसलं की सेलमागे ९ अँपच्या वर चाललेत आणि व्होल्टेज सुरुवातीपासूनच बसलंय.

सेल जोडणारा:
तो पॅक आता गरम आहे तसा चार्जिंगला लावू नका, पूर्ण गार होऊ द्या, आणि चार्ज झाल्यावर प्रत्येक सेलचं व्होल्टेज दोन दिवस रोज बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली घसरत असेल तर तो काढून टाका, त्याच्यावर ड्रोन उडवू नका.

गिधाड:
सगळं वाचलं, चांगलं चाललंय, पण मूळ प्रश्नच वेगळा विचारतो. मॅपिंगला क्वाड कशाला? पंखवालं विमान घ्या की. २ किलोचं विमान, लिफ्ट आणि ड्रॅगचं प्रमाण १०, वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे हवेला द्यायला लागतात २९ वॅट, मोटर-पंख्याची निम्मी कार्यक्षमता धरली तरी बॅटरीतून ६० सुद्धा नाहीत. क्वाड त्याच वजनाला २०० खातो. २००३ मध्ये मेनार्ड हिल यांच्या टीमचं टीएएम-५ नावाचं मॉडेल विमान न्यूफाउंडलंडवरून निघून अटलांटिक ओलांडून आयर्लंडला उतरलं, ३८ तास ५२ मिनिटं, आणि भरलेल्या इंधनासकट वजन ५ किलोच्या आसपास. सोलरवर गेलात तर झेफिर नावाचं विनापायलट विमान २०२२ मध्ये सलग ६४ दिवस वर होतं. विमानाला पंख स्वतः उचलतो, क्वाडला ती उचल प्रत्येक सेकंदाला वॅट देऊन विकत घ्यावी लागते.

जुना खटपट्या:
गिधाड, गणित बरोबर आहे आणि मोठ्या मोकळ्या जमिनीसाठी मीही विमानच सांगेन. पण त्याला उतरायला लांब मोकळी पट्टी लागते, आणि ते हळू जाऊ शकत नाही, सेकंदाला १५ मीटरच्या वेगाने कमी उंचीवर उडताना स्वस्त कॅमेऱ्याचे फोटो फाटतात. उभं उडणारं आणि पुढे विमान होणारं व्हीटीओएल दोन्ही जमवतं, पण ते पहिल्यांदा बनवणाऱ्याने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे उभ्याचं विमान होताना, चूक झाली की सावरायला उंची उरत नाही. आकाशपाळणा यांची जागा कशी आहे?

आकाशपाळणा:
चारी बाजूंनी झाडं आहेत, जेमतेम एका छोट्या अंगणाएवढी जागा उतरायला. त्यामुळे क्वाडच.

पाचवा पंखा:
हायड्रोजन फ्युएल सेलचं कुणी बघितलंय का? दोन दोन तास उडतात म्हणे.

मंदगती:
उडतात, पण ते मोठ्या ड्रोनला परवडतं. हायड्रोजन स्वतः हलका असला तरी त्याचा दाबाखालचा सिलिंडर, रेग्युलेटर, स्टॅक (वीज बनवणारा भाग) हे सगळं मिळून काही किलोंचं प्रकरण होतं, आणि अचानक लागणाऱ्या जास्त पॉवरसाठी सोबत लिपो ठेवावीच लागते. २ किलोच्या क्वाडला त्याचा उपयोग नाही.

आकाशपाळणा:
नवीन ड्रोन झाला! सविस्तर लिहितोय कारण तुम्हा सगळ्यांमुळे झालाय.

फ्रेम ६५० ची, कार्बनच्या नळ्या, २६० ग्रॅम. मोटरी ३८० केव्ही, चार मिळून २७२ ग्रॅम. १५ इंची कार्बनचे पंखे ६० ग्रॅम, ईएससी ५० ग्रॅम, फ्लाइट कंट्रोलर, जीपीएस आणि रिसिव्हर ९० ग्रॅम, वायरिंग आणि पॉवर मॉड्यूल ६०, कॅमेरा ११०. बेरीज ९०२ ग्रॅम. पॅक ६एस२पी, १२ सेल, पट्ट्या, वायरी आणि आवरणासकट ९०५. म्हणजे खटपट्या दादा, बॅटरी आणि बाकी ड्रोन अगदी तराजूत तोलल्यासारखे सारखे झालेत. एकूण १८०७ ग्रॅम.

पहिल्या दिवशी उचलला आणि लगेच उतरवला, कारण हवेत थरथरत होता, नळ्यांची टोकं डोळ्यांनी दिसतील एवढी हलत होती. जुन्या क्वाडच्या सेटिंग तशाच उचलून टाकल्या होत्या, ती चूक.

जुना खटपट्या:
मोठ्या पंख्याला वेग बदलायला वेळ लागतो, छोट्या पंख्याची पीआयडी, म्हणजे ड्रोन सावरण्याची सेटिंग, लावली की कंट्रोलर घाई करतो आणि पंखा मागे राहतो, त्यातून ती थरथर. आर्डुपायलट (कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) असेल तर जायरो फिल्टर खाली आणा, १५ इंचीला ४० हर्ट्झच्या खाली जावं लागतं, मग पीआयडीमधले पी आणि डी निम्म्यावर आणून उडवा, स्थिर वाटला की वारा नसलेल्या वेळी ऑटोट्यून करा, म्हणजे सेटिंग ड्रोनलाच शोधू द्या. आणि त्याच्या आधी नळ्यांचे क्लॅम्प हाताने पिळून बघा, मोटर एक अंशाने जरी कलली असेल तरी ड्रोन सतत एका बाजूला वळू नये म्हणून दोन मोटरी जास्त फिरवत राहतो, ते फुकटचे वॅट. लॉगमध्ये चारही मोटरींचं आउटपुट बघा, तिरपी जोडी वर आणि दुसरी खाली असेल तर क्लॅम्प फिरलाय.

आकाशपाळणा:
सापडलं! मागची डावी नळी क्लॅम्पमध्ये फिरली होती, डोळ्याला कळत नव्हतं, मोटरीवर एक सरळ पट्टी ठेवून समोरच्या मोटरीशी नजरेने जुळवली तेव्हा दिसलं. ती बसवून, फिल्टर २५ वर आणून ऑटोट्यून केलं आणि आता हॉवर इतका शांत आहे की खाली उभं राहून बोलता येतं, जुन्याचा जो कर्कश आवाज होता त्याच्या जागी नुसती घरघर.

आकडे: हॉवरला १७८ वॅट, म्हणजे वॅटला १०.२ ग्रॅम. करंट साडेआठ अँपच्या आत, सेलमागे सव्वाचार, पॅक उतरल्यावर कोमट सुद्धा नव्हता. सेलला ३.१ व्होल्ट आल्यावर उतरवला. वेळ ६१ मिनिटं.

निळी घार:
६१!!! अभिनंदन हो. करंट सेन्सर तपासलाय ना पण? माझा २० टक्के कमी दाखवत होता आणि मी उगाच खूश होते.

आकाशपाळणा:
तपासला ताई. लॉगमध्ये ८५०० एमएएच गेलेले दिसत होते, चार्जरने परत भरले ८७४०, मग सेन्सरचा गुणक तेवढ्याने वाढवला. म्हणजे खरे वॅट १८० च्या थोडे वर आहेत, वॅटला ९.९ ग्रॅम म्हणा. पण ६१ मिनिटं घड्याळातली आहेत, ती बदलत नाहीत.

मंदगती:
फार छान काम केलंत. आता अजून एक करून बघा. हॉवर ही क्वाडची सर्वात स्वस्त अवस्था नाहीये. हळू पुढे गेलं की पंख्यांना सतत नवीन, न ढवळलेली हवा मिळते, वॅट उतरतात, आणि फार जोरात गेलं की हवेचा अडथळा वाढून परत चढतात. मधे कुठेतरी खड्डा असतो. तुमच्या ड्रोनचा तो सेकंदाला ६ ते ८ मीटर वेगाच्या आसपास यावा असा माझा अंदाज आहे. वारा नसताना सेकंदाला ४, ६, ८, १०, १२ मीटरच्या वेगाने लांब सरळ ओळी मारा आणि प्रत्येकाचे वॅट लिहून काढा. मॅपिंगचा वेग तोच ठेवा.

आकाशपाळणा:
केलं. ४ ला १६९, ६ ला १५७, ७ ला १५४, ८ ला १५५, १० ला १६८, १२ ला १९४. हे दुरुस्त केलेल्या सेन्सरचे आकडे. ७ मीटरवर मॅपिंगचा प्लॅन टाकला, ओळींच्या टोकाला वळताना थोडं जातं तरी ६८ मिनिटांनी उतरला. सगळे फोटो एका उड्डाणात, सावल्या जवळजवळ जागच्या जागी. आधी हेच काम चार बॅटऱ्या बदलून व्हायचं.

एक शंका राहिली. परवा पहाटे चांगलीच थंडी होती, तेव्हा त्याच प्लॅनला ५६ व्या मिनिटालाच अलार्म आला. सेल खराब होतायत का?

सेल जोडणारा:
नाही, थंडीत लिथियमचा आतला रेझिस्टन्स वाढतो, तेवढ्याच करंटला व्होल्टेज जास्त बसतं आणि अलार्म लवकर लागतो, ऊर्जा आत शिल्लकच असते. लिआयनला हे लिपोपेक्षा जास्त जाणवतं. तुमच्या ड्रोनमध्ये सेल कमी करंट देतात म्हणून स्वतःला गरमही करत नाहीत, जुन्याच्या उलट. रात्री पॅक घरात ठेवा, निघताना कापडात गुंडाळून न्या, उडवायच्या आधी २५ अंशांच्या आसपास असू द्या, आणि पॅकच्या समोरच्या बाजूला वारा लागतो तिथे पातळ फोम लावा, ५ ग्रॅमसुद्धा होत नाही. अलार्म मात्र थंडी आहे म्हणून खाली आणू नका.

आकाशपाळणा:
आज पहाटे फोम लावून, पॅक जॅकेटच्या आत ठेवून नेला. ६५ मिनिटं. फोम आणि टेप मिळून ४ ग्रॅम. लॉग वर टाकतोय, ५० व्या मिनिटापासून पुढचं व्होल्टेज कुणीतरी बघा, तिसरा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०४ ने खाली दिसतोय.

सेल जोडणारा:
बघितलं. लोड गेल्यावर परत बरोबरीला येतोय, म्हणजे बहुतेक सेल नाही, त्याच्यावरची पट्टी. आवरण उघडून तिसऱ्या जोडीचे वेल्ड पक्कडीने ओढून बघा आणि इथे सांगा.